‘फाईल हितंच हाय की!’ : सांगलीच्या एका लॅबमधल्या नेटवर्क इन्स्टॉलेशनचं प्रकरण

सांगलीच्या गावभागातल्या एका शिक्षणसंस्थेची ही लॅब. मशीन ३२, त्यातली २० जुनी, बायोसवर चालणारी, आणि १२ नवी, फक्त यूईएफआय समजणारी. (बायोस आणि यूईएफआय म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरची जुनी आणि नवी तऱ्हा.) सगळ्यांवर डेबियन १२ हे लिनक्स टाकायचं होतं. डीव्हीडी ड्राइव्ह एकालाही नाही, आणि पेनड्राइव्ह घेऊन ३२ मशीनपुढे आळीपाळीने बसायची कुणाची तयारी नाही, म्हणून नेटवर्कवरून इन्स्टॉल करायचं ठरलं. त्यासाठीचा सर्व्हर आधीपासून होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या पुरानंतर संस्थेने सर्व्हर उचलून दुसऱ्या मजल्यावरच्या स्टोअररूममध्ये नेला. लॅब पहिल्या मजल्यावर, सर्व्हर दुसऱ्यावर. हा जिना पुढे बराच चढावा-उतरावा लागला.

मला बोलावलं तेव्हा तक्रार एवढीच होती की ‘पीएक्सई चालत नाही’, म्हणजे मशीन नेटवर्कवरून सुरू व्हायची सोय चालत नाही. गॅरेजवाल्याला ‘गाडी चालत नाही’ सांगितल्यावर त्याला जेवढं कळतं तेवढंच यातून मला कळलं. प्रत्यक्ष मशीन सुरू करून बघितल्यावर चित्र जरा वेगळं दिसलं. जुन्या मशीनना आयपी पत्ता मिळत होता, बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) उतरत होता, आणि मग कॉन्फिगरेशन सापडत नाही म्हणून ते ‘बूट:’ एवढं लिहून थांबत होतं. नवी मशीन आणखी एक पाऊल पुढे जाऊन ग्रब या त्यांच्या बूटलोडरच्या ‘ग्रब>’ अशा प्रॉम्प्टवर उभी राहत होती. म्हणजे पीएक्सई दोन्हीकडे चालत होतं. केबल ठीक, स्विच ठीक, डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते वाटणारी सेवा) ठीक. अडलं होतं ते त्याच्यापुढे.

लॅबचे असिस्टंट हुशार आणि नीटनेटके आहेत. नीटनेटकेपणाचा मुद्दा या प्रकरणात महत्त्वाचा आहे. आधी फक्त जुनी मशीन होती तेव्हा टीएफटीपीच्या (बूट होणाऱ्या मशीनना फाईली देणाऱ्या सेवेच्या) मुख्य फोल्डरमध्ये सगळं मोकळंच पडलेलं असायचं. नवी मशीन आल्यावर त्यांनी आवराआवर केली. बायोसचा बूटलोडर, म्हणजे पीएक्सईलिनक्स, ‘बायोस’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवला. डेबियनच्या नेटबूटच्या गठ्ठ्यात (नेटवर्कवरून इन्स्टॉल करायच्या तयार फाईलींच्या संचात) ‘डेबियन-इन्स्टॉलर’ आणि त्याच्या पोटात ‘एएमडी६४’ अशी लांबलचक वाट असते, तिचं सुटसुटीत ‘डेबियन१२’ केलं. डीएचसीपीचं काम डीएनएसमास्क करत होतं. त्याच्या फाईलमध्ये दोन्ही प्रकारच्या मशीनना आपापला बूटलोडर कुठून घ्यायचा हेही त्यांनी बरोबर लिहिलं. मशीन डीएचसीपीला पत्ता मागताना आपली जात ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये सांगतं: बायोस असेल तर ०, ६४ बिट यूईएफआय असेल तर ७. त्यावरून फाटे फोडलेले होते आणि ते अचूक होते. हे सगळं लिहिण्याचं कारण इतकंच की बिघाड अडाणीपणातून आलेला नव्हता.

सर्व्हरवर त्यांनी मला फोल्डर उघडून दाखवला. ‘सर, फाईल हितंच हाय की! बघा की तुम्हीच.’ फाईल तिथंच होती. मेनूची, म्हणजे बूटलोडरच्या कॉन्फिगरेशनची ‘डिफॉल्ट’ नावाची फाईल ‘पीएक्सईलिनक्स.सीएफजी’ या फोल्डरमध्ये, नाव बरोबर, आतला मजकूर बरोबर, वाचायची परवानगी सगळ्यांना.

मागणारा कोण

नेटवर्कवरून इन्स्टॉल करताना एकामागून एक चार वेगवेगळे प्रोग्रॅम हातात सूत्रं घेतात. आधी नेटवर्क कार्डातला पीएक्सईचा रॉम. तो डीएचसीपीने सांगितलेली एकच फाईल आणतो. ती फाईल म्हणजे बूटलोडर. तो आपला मेनू शोधतो. मेनूतून कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला त्याला लागणाऱ्या फाईलींचं गाठोडं) येतात. शेवटी इन्स्टॉलर उठतो आणि उत्तरपत्रिका शोधतो, म्हणजे त्याच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, जिला डेबियनमध्ये प्रीसीड म्हणतात. या प्रत्येकाची ‘इथे’ची समजूत वेगळी असते. आणि सर्व्हरवर बसून फोल्डर बघणाऱ्या माणसाची या चौघांपेक्षाही वेगळी.

त्यात टीएफटीपी हा अगदी गरीब प्रोटोकॉल. त्याचा आजही वापरात असलेला मसुदा, आरएफसी १३५०, १९९२ चा आहे. ‘या फोल्डरमध्ये काय काय आहे ते दाखव’ असं विचारायची सोयच त्यात नाही. ‘अमुक नावाची फाईल दे’ म्हणायचं, मिळाली तर मिळाली. त्यामुळे बूटलोडर फाईल शोधतो असं आपण म्हणतो तेव्हा तो खरं तर ठरलेली नावं एकापाठोपाठ एक पुकारत असतो. सर्व्हरवर त्याच नावाची फाईल शेजारच्या फोल्डरमध्ये असली तरी त्याला त्याचा पत्ता लागायचा काही मार्ग नाही.

म्हणून मी सर्व्हरवरचे फोल्डर बघणं थांबवलं. फाईल कुठे आहे याचं उत्तर असिस्टंटना पाठ होतं. मशीन ती कुठे मागतंय याचं उत्तर फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळणार होतं, आणि लॉग बंद होता. डेबियनमध्ये टीएफटीपीडी-एचपीए हा टीएफटीपीचा सर्व्हर बसवला की त्याच्या पर्यायांत फक्त ‘--सिक्युअर’ लिहिलेलं असतं. शेजारी ‘--व्हर्बोस’ दोनदा लिहिलं, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. एकदा लिहिलं तर मागण्या दिसतात, दोनदा लिहिलं तर नकारही दिसतात.

सर्व्हरवर एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) बंद ठेवलेलं होतं. तेव्हा असिस्टंट वर सर्व्हरच्या स्क्रीनपुढे, मी खाली लॅबमध्ये, फोन स्पीकरवर. मी एक जुनं मशीन सुरू केलं.

‘यायला लागलं बघा, सर. बायोस, स्लॅश, पीएक्सईलिनक्स... ही दिली. मग परत बायोस, स्लॅश, पीएक्सईलिनक्स.सीएफजी, स्लॅश, लांबच्या लांब कायतरी आकडा. न्हाई म्हणतंय. परत बायोस स्लॅश...’

‘थांबा. प्रत्येक ओळीत सुरुवातीला बायोसच आहे?’

‘हां, समद्या ओळींत.’

पहिला गुंता इथेच सुटला.

अकरा हाका

पीएक्सईलिनक्सचा नियम असा: आपण स्वतः ज्या फोल्डरमधून आलो तोच आपला मुलूख. बाकी सगळ्या फाईली तो त्या फोल्डरपासून मोजून मागतो. तो ‘बायोस’मधून आला, म्हणून त्याने मेनूही ‘बायोस’च्या आत असलेल्या ‘पीएक्सईलिनक्स.सीएफजी’मध्ये मागितला. खरा फोल्डर एक पायरी वर, मुख्य फोल्डरमध्येच राहिला होता.

मेनू मागतानाचा क्रमही बघण्यासारखा आहे, कारण लॉग वाचताना तोच डोळ्यांपुढून पळतो. आधी मशीनचा यूयूआयडी (त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक), तो लांबच्या लांब आकडा. मग नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता: पुढे ‘०१-’, जोड्यांमध्ये आडव्या रेघा आणि अक्षरं लहान लिपीतली. मग आयपी पत्ता सोळाच्या पायात (हेक्साडेसिमलमध्ये) मांडून, इथे मात्र अक्षरं मोठ्या लिपीतली. आमच्या मशीनला १९२.१६८.१०.५७ मिळाला होता, त्याचं होतं सी०ए८०ए३९. हे नाव सापडलं नाही की शेवटचं एक अक्षर तोडून पुन्हा मागणी, मग आणखी एक तोडून, असं करत नुसत्या ‘सी’पर्यंत. आणि सगळ्यात शेवटी ‘डिफॉल्ट’. यूयूआयडी एक, मॅक एक, आयपीचे आठ आणि डिफॉल्ट धरून अकरा हाका. चांगल्या चालणाऱ्या लॅबमध्येसुद्धा लॉगमध्ये पहिले दहा नकार दिसतातच. नवखा माणूस ते बघून घाबरतो आणि नको तिथे दुरुस्ती सुरू करतो. अकराव्या हाकेचं काय झालं तेवढंच बघायचं. तशीच आणखी एक फसवी ओळ असते: पीएक्सईचा रॉम बूटलोडरची फाईल आधी नुसता आकार विचारायला मागतो, मध्येच सोडून देतो आणि पुन्हा मागतो. लॉगमध्ये ते हस्तांतरण तुटल्यासारखं दिसतं. तिकडे दुर्लक्ष करावं.

आमच्याकडे अकरावी हाकही नाकारली गेली होती.

असिस्टंटना याचा अंदाज आधी आला होता, ही त्यांची कमाल. त्यांनी ‘बायोस’च्या आत ‘पीएक्सईलिनक्स.सीएफजी’ नावाची लिंक करून ती खऱ्या फोल्डरकडे वळवली होती. ‘मी लिंक दिलीया सर, उघडती बी.’ त्यांच्या स्क्रीनवर ती उघडत होती, मशीनला उघडत नव्हती. कारण त्या ‘--सिक्युअर’मध्ये आहे. हा पर्याय असला की टीएफटीपीचा सर्व्हर ‘एसआरव्ही’मधल्या ‘टीएफटीपी’ फोल्डरमध्ये स्वतःला कोंडून घेतो, आणि त्याच्या दृष्टीने जग तिथूनच सुरू होतं. लिंकमध्ये मुळापासूनची पूर्ण वाट लिहिलेली होती: स्लॅश, एसआरव्ही, स्लॅश, टीएफटीपी आणि पुढे. कोंडलेल्या सर्व्हरने ती आपल्या जगाच्या मुळापासून मोजली, म्हणजे ‘टीएफटीपी’च्या आत आणखी एक ‘एसआरव्ही’ शोधला. तो कुठून असणार? हीच लिंक ‘दोन टिंबं, स्लॅश’ अशी, एक पायरी वर जाणारी सापेक्ष लिहिली असती तर चालली असती. डेबियनच्या नेटबूटच्या गठ्ठ्यातल्या लिंका बघा, सगळ्या सापेक्ष आहेत.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येत होती. लिंक सुधारायची, किंवा बूटलोडर परत वर आणायचा. लिंकने मेनू सापडला असता, पण मेनूमध्ये कर्नलची वाट ‘डेबियन१२’पासून लिहिलेली होती आणि तीही ‘बायोस’च्या आतून मोजली गेली असती, म्हणजे दुसरी लिंक, कदाचित तिसरी. डीएचसीपीच्या २१० क्रमांकाच्या ऑप्शनने पीएक्सईलिनक्सला मुलूख बदलून देता येतो, पण एका लॅबसाठी एवढी करामत मला पटत नाही. बूटलोडर आणि त्याची जोडीदार एलडीलिनक्स.सी३२ ही फाईल मुख्य फोल्डरमध्ये परत आणली, डीएनएसमास्कमधली एक ओळ बदलली. सिसलिनक्स या पीएक्सईलिनक्सच्या मूळ संचाच्या ५.०० आवृत्तीपासून या जोडीदाराशिवाय पीएक्सईलिनक्स उभाच राहत नाही. असिस्टंटनी ‘बायोस’ करताना दोन्ही बरोबरच हलवल्या होत्या, म्हणून निदान तो तिसरा घोळ वाचला. जुन्या मशीनवर मेनू आला.

नवी मशीन

इथलं दुखणं दिसायला तसंच, पण कारण उलटं. वरून फोनवर ओळी आल्या: ‘डेबियन१२’मधून बूटनेटएक्स६४.ईएफआय दिली, ‘डेबियन१२’मधूनच ग्रबएक्स६४.ईएफआय दिली, आणि तिसरी मागणी एकदम ‘डेबियन-इन्स्टॉलर, स्लॅश, एएमडी६४, स्लॅश, ग्रब’ अशा वाटेवर. असिस्टंट दोन क्षण गप्प. ‘सर, हे नाव तर मी कवाच काढलंय. ह्येला कुणी सांगितलं?’

पहिली फाईल म्हणजे शिम, पुढच्या बूटलोडरची सही तपासून त्याला सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम. तो पुढचा ग्रब आपल्याच शेजारी शोधतो, त्यामुळे फोल्डरचं नाव बदललं तरी त्याला फरक पडला नाही. ग्रबचं तसं नाही. सिक्युअर बूटसाठी (सही नसलेला बूटलोडर चालू न देणाऱ्या सोयीसाठी) डेबियनने सही करून दिलेल्या या ग्रबमध्ये मेनूची वाट बनवतानाच कोरलेली असते, आणि ती तीच जुनी लांबलचक वाट आहे. तो कुठून आला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पीएक्सईलिनक्स स्वतःच्या जागेवरून मोजतो, हा सर्व्हरच्या मुळापासून मोजतो. एकाच्या बाबतीत फाईल हलवली म्हणून मोडलं, दुसऱ्याच्या बाबतीत फोल्डरचं नाव बदललं म्हणून.

लॉग नसता तरी हे शोधता आलं असतं. ‘ग्रब>’ प्रॉम्प्टवर आल्यावर माणसं मशीन बंद करून पुन्हा चालू करतात. त्याऐवजी तिथे ‘सेट’ एवढं टाइप करून एंटर दाबावं. ‘प्रीफिक्स’च्या पुढे ग्रब कुठे बघतोय ते स्पष्ट लिहिलेलं असतं. आम्ही पडताळून पाहिलं: सर्व्हरचा पत्ता आणि पुढे डेबियन-इन्स्टॉलरची वाट. तिथूनच ‘कॉन्फिगफाईल’ या आज्ञेला मेनूची खरी वाट दिली की मेनू उघडतो. तसा तो उघडला, म्हणजे फाईल ठणठणीत होती, फक्त हाक दुसऱ्या दारावर पडत होती.

ग्रबची वाट बदलायची तर तो स्वतः नव्याने बांधावा लागतो आणि मग डेबियनची सही जाते. सिक्युअर बूट बंद करणं आलं. सुटसुटीत नावासाठी एवढी किंमत कोण देईल? फोल्डरला मूळ नाव परत दिलं. असिस्टंटना ते रुचलं नाही, पण त्यांनी दिलं. जुन्या मशीनच्या मेनूतल्या वाटाही त्याप्रमाणे पुन्हा बदलल्या.

उबुंटू किंवा रॉकी लिनक्स वापरणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. उबुंटूचा सही केलेला ग्रब नुसत्या ‘ग्रब’ नावाच्या फोल्डरमध्ये मेनू मागतो. रॉकीच्या सर्व्हरवर एसईलिनक्स (फाईलींवरच्या लेबलांवरून परवानगी ठरवणारी सुरक्षा) असतं, आणि तिथे होम फोल्डरमधून ‘एमव्ही’ करून आणलेली फाईल आपलं जुनं लेबल अंगावर घेऊनच येते. जागा बरोबर, परवानगी बरोबर, तरी टीएफटीपी ती देत नाही. ‘रिस्टोरकॉन’ चालवलं की लेबल सुधारतं.

उत्तरपत्रिका

आता दोन्हीकडे मेनू येत होता, कर्नल उतरत होता. मग जुन्या मशीनवर इन्स्टॉलरने लाल पडद्यावर सांगितलं की प्रीसीडची फाईल आणता आली नाही.

प्रीसीड एचटीटीपीवरून यायची होती. मी विचारलं, फाईल कुठे ठेवलीय? ‘दोन ठिकाणी ठिवलीय सर. वेबच्या फोल्डरमध्ये एक, टीएफटीपीत एक. कुठनं तर घील की.’

इन्स्टॉलर दोन्हीकडून घेत नव्हता. वेब सर्व्हरचा लॉग उघडला: ४०४, म्हणजे फाईल सापडली नाही, आणि मागणी होती ‘डी-आय’ फोल्डरच्या आत ‘बुकवर्म’च्या (हे डेबियन १२ चं नाव) आत प्रीसीड.सीएफजीची. ही वाट कुणीच कुठे लिहिलेली नव्हती. मेनूतल्या कर्नलच्या ओळीत ‘ऑटो’च्या जोडीने ‘यूआरएल’ म्हणून नुसता सर्व्हरचा आयपी पत्ता होता. डेबियनच्या इन्स्टॉलरला असा अर्धा पत्ता दिला की बाकीचा तो स्वतःच्या मनाने पुरा करतो, आणि त्याच्या मनातली वाट आवृत्तीच्या नावावरून ठरते. ज्यांच्याकडे एकाच सर्व्हरवर तीन-चार आवृत्त्या नांदतात त्यांना ही सोय उत्तम. इथे एकच आवृत्ती होती. मी पूर्ण पत्ता लिहिला, फाईलच्या नावासकट. टीएफटीपीतली दुसरी प्रत काढून टाकली, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी नेमकी तीच सुधारत बसलं असतं.

जुनी मशीन सुटली. नवी मात्र भाषा कोणती म्हणून विचारत राहिली. वेबच्या लॉगमध्ये त्यांची मागणीच नव्हती. हे सोपं होतं: जुन्यांचा मेनू पीएक्सईलिनक्सचा, नव्यांचा ग्रबचा, दोन वेगळ्या फाईली. ग्रबचा मेनू गठ्ठ्यातून आला तसाच कोरा होता, त्यात प्रीसीडचा उल्लेखच नाही. तिथे यूआरएलबरोबर ‘ऑटो’ आणि ‘प्रायॉरिटी=क्रिटिकल’ हेही लिहावं लागतं. भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क सुरू व्हायच्या आधी येतात, तेव्हा उत्तरपत्रिका अजून हातात नसते. हे दोन शब्द लिहिले की इन्स्टॉलर ते प्रश्न मागे ठेवतो.

एक गोष्ट जाता जाता. प्रीसीडमध्ये रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिनचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला होता, आणि ती फाईल लॅबच्या नेटवर्कवर कुणालाही ब्राउझरमध्ये उघडता येत होती. लॅब मुलांची आहे. मुलांना हे आपल्या आधी सापडतं. साध्या पासवर्डाच्या जागी हॅश (त्याचं थेट वाचता न येणारं रूप) टाकला, आणि इन्स्टॉलेशन आटोपलं की वेबवरून फाईल काढायची असं ठरवलं.

यानंतर चार-चार मशीन एकदम सुरू केली. प्रत्येक वेळी पॅकेजेस बाहेरून ओढायला नकोत म्हणून सर्व्हरवर ॲप्ट-कॅशर-एनजी हा पॅकेजेस साठवून ठेवणारा प्रोग्रॅम बसवून प्रीसीडमध्ये त्याचा ३१४२ हा पोर्ट दिला होता. पहिल्या चारांना वेळ लागला, पुढची भराभर उरकली.

एक जुनं मशीन तेवढं राहिलं. शिक्षकांच्या टेबलावरचं. बाकी सगळ्यांना मेनू मिळत होता आणि हे एकटंच कर्नल सापडत नाही म्हणून थांबत होतं. वरून असिस्टंटनी लॉग वाचला, आता त्यांना विचारावं लागत नव्हतं: ‘सर, ह्येनं डिफॉल्ट मागितलंच न्हाई. दुसऱ्या हाकेलाच फाईल गावली.’ ‘पीएक्सईलिनक्स.सीएफजी’मध्ये त्या मशीनच्या मॅक पत्त्याच्या नावाची एक जुनी फाईल होती, आधीच्या कुणीतरी डेबियन १० च्या काळात खास त्या टेबलासाठी केलेली. ती बोट दाखवत होती ते कर्नल केव्हाच पुसलं गेलं होतं. असिस्टंटनी ती ‘जुन्या’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवली, आणि तो फोल्डर टीएफटीपीच्या बाहेर ठेवला. मशीन पुन्हा सुरू केलं, हाका अकराव्यापर्यंत गेल्या आणि मेनू आला.